सुतकातला फोटो

जुने फोटो दुरुस्त करणं हे माझं काम. सर्बियाची राजधानी बेलग्रेडचाच भाग असलेल्या झेमूनमध्ये ओळखीतून ओळख निघाली आणि मी ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंच्या घरी पोचले. त्यांना एकच फोटो साफ करून हवा होता. आईच्या आजीचा, वय असेल अठरा-एकोणीस.

"पहिला नवरा लग्नानंतर वर्षभरातच गेला. हा तिचा सुतकातला फोटो," त्या म्हणाल्या. घरात तीन पिढ्या हेच सांगत आलेल्या. पुरावा काय, तर अंगावर काळं आणि चेहरा दगडासारखा.

फोटो व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचा. दिस्देरी या फ्रेंच फोटोग्राफरने 1854 मध्ये पॅरिसला या प्रकाराचं पेटंट घेतलं आणि 1860 नंतर अशा फोटोंचं वेड युरोपभर पसरलं. कागदाला अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप, म्हणून गालांवर पिवळट झाक. मुलीच्या अंगात लिबादे, म्हणजे आखूड, रुंद बाह्यांचं जाकीट, काठाने जरीची वेल. डोक्यावर मोत्यांनी भरलेली चपटी टोपी, तेपेलुक. शहरी सर्ब घरांतला हा ठेवणीतला पोशाख. सुतकात मोती आणि जर? मला ते पटेना.

मग लक्षात आलं, की आपण रंगाबद्दल बोलतोय आणि रंगाच्या बाबतीत हे फोटो साफ खोटं बोलतात. तेव्हाची निगेटिव्ह काचेची. काचेवर कलोडियन, म्हणजे एक चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. त्या काचेला निळा उजेड दिसायचा, लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे आभाळी रंग पांढरा उठायचा आणि लाल काळा.

मी विचारलं, "तिचे कपडे कुणी पाहिलेत का?"

बाई काही न बोलता आत गेल्या. बऱ्याच वेळाने जुन्या चादरीत गुंडाळलेलं बोचकं घेऊन आल्या. हे त्याच आजीचं, एवढंच त्यांना माहीत होतं. उघडलं तर लिबादे, पिकलेल्या चेरीसारखं लाल. घडीच्या रेषांवर रेशीम विरलेलं, पण जर शाबूत. मी भिंग काढलं. फोटोत डाव्या काठावर वेलीचं एक पान उलट्या दिशेला वळलं होतं; भरणाऱ्याची चूक. कपड्यावर तेच पान, तिथेच, तसंच उलटं.

बाई बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसल्या. मला वाटलं, खूश होतील. त्या जराशा रागावल्याच. "मग आईने आम्हाला काय सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे कुठून असणार! नवरा खरंच गेला असेल, नसेलही. फोटो त्याबद्दल काहीच सांगत नाही.

"पण चेहरा बघा की," त्यांनी शेवटचा मुद्दा काढला.

मी झग्याच्या काठाखाली बोट दाखवलं. तिथे लोखंडी स्टँडचा पाय डोकावत होता. त्याचा आकडा मानेमागे लावलेला असायचा, कारण काही सेकंद डोकं हलवायचं नाही. असं टेकवून ठेवलेली मुलगी हसणार कशी?

बाईंनी हात मागे नेऊन स्वतःची मान चाचपली. मग उठल्या, काचेच्या बशीत स्लात्कोचा, म्हणजे पाकातल्या फळांचा एक चमचा आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवला. "खा, सिने," म्हणाल्या. सिने म्हणजे लेका. इथे मुलींनाही असंच म्हणतात, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं.