ऑर्केस्ट्राला जागा देणारं मेटल

गुरुवार, रात्री

जेवणं उरकल्यावर हेडफोन लावून ग्रीसच्या सेप्टिकफ्लेश या मेटल बँडचा २००८चा 'कम्युनियन' हा अल्बम सलग ऐकला. प्रागच्या फिल्महार्मोनिक ऑर्केस्ट्राचे ८० वादक, ३२ जणांचं कॉयर, म्हणजे गायकवृंद, आणि त्यांच्या बरोबरीने डेथ मेटल, म्हणजे जड गिटारी, वेगवान ड्रम आणि गुरगुरणारा आवाज. एवढी माणसं जमवली की भव्य वाटणारच, असं कुणी म्हणेल. नुसती भव्यता तर कीबोर्डवर व्हायोलिनचा आवाज लावूनही मिळते. कितीतरी बँडनी तेवढ्यावर समाधान मानलं. मला या अल्बमची ओढ आहे ती कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं, याच्या लिखाणासाठी.

डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेली गिटार मधल्या सप्तकातली जवळजवळ सगळी जागा व्यापते. व्हायोला आणि चेलो ही व्हायोलिनपेक्षा मोठी, खालच्या सुरांची तंतुवाद्यं तिथेच बोलतात, म्हणून आधी तेच बुडतात. त्यात ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान सलग मारा, सुरू झाला की त्या वेगाने ८० जणांनी एकत्र वाजवलं तर सगळी गिचमिड होईल. क्रिस्टोस अँटोनिऊ हा या बँडचा गिटारवादक, पण लंडन कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये रीतसर संगीतरचना शिकलेला. तो आपल्याच गिटारला आवरतो. मोजक्या सुरांवर तिला डबल बेस ड्रमशी, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमशी, घट्ट बांधून ठेवतो आणि चाल पुढे नेण्याचं काम ट्रॉम्बोन-हॉर्न या पितळी वाद्यांवर सोपवतो. खाली ड्रम सुसाट धावतात, वर पितळी वाद्यं लांब दमाने सरकत राहतात. त्या दोन गतींच्या मधल्या ताणामुळे अंगावर काटा येतो. आजही आला.

मग डिम्मू बोर्गिर या नॉर्वेच्या मेटल बँडची ओस्लोची २०११ची मैफल लावली, नॉर्वेच्या रेडिओ ऑर्केस्ट्रासोबतची. तिथे काही रचना ऑर्केस्ट्राने एकट्यानेच वाजवल्या. किती धीट गोष्ट! बँड बाजूला झाला आणि तरी संगीत उभं राहिलं. बँडच्या रचना ऑर्केस्ट्रासाठी बसवणाऱ्या गाउटे स्टोरोसचं हे मोठं श्रेय. गिटारी परतल्या की मात्र तंतुवाद्यं मागच्या पडद्यासारखी होतात, आणि मला हळहळ वाटते. एवढ्या चांगल्या वादकांनी जीव ओतून वाजवलेलं कानापर्यंत पोचतच नाही.

म्हणून माझा कौल सेप्टिकफ्लेशला. उद्या त्यांची मेक्सिको सिटीची २०१९ची मैफल ऐकायची आहे. स्टुडिओत प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा काढून तोलता येतो. रंगमंचावर ड्रमचा गडगडाट व्हायोलिनच्या माईकमध्येही शिरतो. तिथे ते चेलो किती वाचवतात, ते कान देऊन ऐकणार आहे.