निळ्याचं पिवळं

श्रावणात पुतणीची मंगळागौर वाईला होती. कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मी नि नवरा निघालो. गाडी मीच चालवते, त्याला घाटात चक्कर येते. खंबाटकीच्या चौथ्या-पाचव्या वळणावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. पुढे ट्रक, मागे एसटी, बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही. एसी बंद केला, इंजिनची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला. बाहेर पाऊस, आत भट्टी, नवऱ्याच्या मांडीवर वाणाची पिशवी. तशीच दोन किलोमीटर रेटली. या दोन किलोमीटरचं भाडं मी नंतर भरलं.

वाईला तासभर गार होऊ दिली, दोन बाटल्या पाणी ओतलं आणि रात्री बोगद्यातून हळूहळू घरी आलो. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, तर 'फुस्स' झालं. मी पाणी भरलं, झाकण लावलं आणि विसरून गेले.

गाडी २०११ ची, चार सिलिंडरची, पेट्रोल. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा कमी आणि माझाच जास्त. दोन वर्षं कूलंटऐवजी, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या खास द्रवाऐवजी, नळाचं पाणी घालणारी बाई मीच.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने ऑइलचं झाकण फिरवून काढलं, आतून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर सायीसारखा पिवळट फेस. "मॅडम, हेड गॅस्केट गेलं. पाणी ऑइलमध्ये मिसळतंय." अंदाज २८ हजार, वर "हेड उतरवल्यावर नक्की कळेल" ही पुरवणी.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसणारं पातळ पान. तेवढ्याशा पानाला सिलिंडरमधला जळता वायू, थंड करणारं पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांच्या घरात जाऊ द्यायचं नसतं. ते कुठे फुटतं त्यावर लक्षणं बदलतात. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर. पाणी ऑइलमध्ये गेलं तर दुधाळ ऑइल. आणि वायू पाण्यात घुसला तर बराच काळ बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त गाडी तापते.

मला तो फेस पटला नाही. मी धनकवडीत राहते, कॉलेज तीन किलोमीटरवर. इंजिन पुरतं तापायच्या आत मी गाडी बंद केलेली असते. त्यात पुण्याचा पावसाळा. आतली वाफ बाहेर पडत नाही, झाकणाखाली जमते आणि ऑइलशी घुसळून साय होते. मी ऑइलची पट्टी काढून पाहिली: काळपट, पण स्वच्छ. खरंच पाणी मिसळत असतं तर पट्टीवरही ताकच दिसलं असतं. "विचार करून सांगते," म्हटलं आणि गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी बोटावरचा फेस पाहिला आणि हसले. "ताई, पावसाळ्यात हा फेस बघून हेड खोलायचं म्हटलं ना, तर माझा आतापर्यंत बंगला झाला असता." त्यांनी चारही प्लग काढले, सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं: १८०, १७८, १७२, १८०. तिसरा थोडा कमी, पण काळजी करावी इतका नाही. मग रेडिएटरचं झाकण तपासलं. त्यावर ०.९ छापलेलं, म्हणजे ०.९ बार दाबापर्यंत त्याने पाणी कोंडून धरायला हवं. आमचं त्याच्या निम्म्यातच सोडून देत होतं. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाब धरला तरच ते १०० च्या बरंच वर टिकतं. झाकण सैल, म्हणून पाणी उकळलं, म्हणून घाटात काटा वर. सरळ हिशोब. नवीन झाकण आणि कूलंट घालून मी विजयी मुद्रेने घरी. दोन-तीनशे रुपयांच्या झाकणाने २८ हजार वाचवले, हे मी स्टाफरूममध्ये निदान चार जणांना सांगितलं.

आठ दिवसांनी पाहते तर कूलंट पुन्हा दोन बोटं खाली. खाली थेंब नाही, पाइपला ओल नाही.

मिस्त्री म्हणाले, "एक निळं पाणी मिळतं, ताई. रेडिएटरमधला गॅस त्यातून ओढायचा. गॅस्केट गेलं असलं की पिवळं होतं. माझ्याकडचं संपलंय."

मला हसू आलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं सहायक आहे. ते निळं पाणी म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू. अकरावीच्या मुलांना आम्ही त्यात नळीने फुंकायला लावतो. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्ल होतं आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, पेट्रोल जळून निघालेल्या वायूत १३-१४ टक्के. म्हणजे कूलंटवरच्या हवेने रंग बदलला, तर तो वायू सिलिंडरमधूनच आलेला असणार.

द्रावण स्वतः केलं. ते निळं व्हायला सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब लागतो. एकच, तोही अगदी पातळ. हात सैल सोडला तर द्रावण इतकं अल्कधर्मी होतं की बराच वायू जाऊनही निळंच राहतं आणि आपण खूश. बाटलीला दोन भोकांचं बूच: एक नळी द्रावणात बुडलेली, तिचं दुसरं टोक गाडीकडे, दुसरी नळी वरच, तिला पिपेटचा रबरी फुगा. फुगा दाबून सोडला की गाडीकडची हवा द्रावणातून बुडबुडत येते. कूलंटचा थेंब आत ओढला जाता कामा नये, कारण तोही अल्कधर्मी असतो आणि पिवळं होऊ देत नाही.

गाडी थंड असताना झाकण काढलं, कूलंट थोडं कमी केलं, इंजिन चालू केलं. दहा मिनिटं फुगा दाबत बसले. निळं. द्रावणच बिघडलेलं नाही ना म्हणून नळी सायलेन्सरपाशी धरली. काही क्षणांत पिवळं. ताजं द्रावण घेऊन पुन्हा रेडिएटरवर: निळं. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून विचारत होते, "गाडीला सलाइन लावलं का?"

प्रकरण मिटलं असं वाटलं. आणि त्याच रात्री कुकर धुताना डोक्यात वीज चमकली. कुकर गार झाला की वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते, झाकण उलट घट्ट ओढलं जातं. गार कुकर कधी फुस्स करतो का? मग रात्रभर गार झालेला रेडिएटर वाईहून आल्यावर सकाळी फुस्स का करत होता? वाफ असती तर पहाटेपर्यंत निवून गेली असती. जो वायू निवून पाणी होत नाही, तोच आत कोंडून बसलेला होता. पहिल्याच सकाळी गाडीने सांगितलं होतं आणि मी त्यावर झाकण लावलं होतं.

मग निळं का राहिलं? कारण मी परीक्षा घेतली ती गाडी जागेवर उभी असताना. सिलिंडरमधला दाब खरा वाढतो तो चढावर, तेव्हाच फट उघडते.

रविवारी सकाळी जुन्या कात्रज घाटाने वर गेलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम ओझं देत. काट्यावर माझा एक डोळा, नवऱ्याचे दोन्ही. बोगद्याच्या अलीकडे बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचा प्रश्नच नाही, तोंड भाजेल. पण झाकणातून सुटलेला वायू नळीने शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत येतो आणि त्या बाटलीत दाब नसतो. तिचं टोपण काढलं, तर तळातून बुडबुडे. एकामागून एक, थांबायचं नाव नाही. आधी रस्त्यावरची नुसती हवा द्रावणातून ओढली, कारण पीएमपीच्या बसचा धूर पुरावा म्हणून नको होता. निळं. मग नळी बाटलीच्या तोंडात, पाण्याच्या वर. तिसऱ्या दाबाला हिरवं, सातव्याला लिंबासारखं पिवळं.

म्हणजे इस्त्रीच्या शर्टवाल्याचं उत्तर बरोबर, फक्त गणिताची रीत चूक. मला हे आजही थोडं झोंबतं.

मिस्त्रींनी शेवटची खात्री त्यांच्या पद्धतीने केली. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याला हवेचं निपल जोडलेलं त्यांचं एक हत्यार आहे. एकेक पिस्टन कॉम्प्रेशनवर पूर्ण वर आणायचा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा, प्लगच्या भोकात ते हत्यार बसवून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. पहिला, दुसरा, चौथा शांत. तिसऱ्याला हवा दिली आणि उघड्या रेडिएटरात बुडबुडे. ते १७२ तेवढंच म्हणत होतं.

हेड उतरवलं. गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ, जेमतेम नखाएवढी. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, सरकवलं तर ०.१२ मिलीमीटरची फट, मिस्त्री ०.०५ च्या पुढे हेड तसंच बसवत नाहीत. घाटातल्या त्या दोन किलोमीटरनी ॲल्युमिनियम वाकलं होतं. सैल झाकणाने गाडी तापवली, तापलेली मी रेटली, आणि मग झाकण बदलून काय उपयोग. नाना पेठेत हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, गॅस्केट नवं, हेड बोल्टही नवे, कारण ते एकदा ताणले की पुन्हा त्याच ताणाचा भरवसा नाही. टॉर्क रेंचने मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळले. एकूण १६,४०० रुपये.

पैसे देताना मिस्त्री म्हणाले, "ताई, ते निळं पाणी मला पावशेर करून द्याल?" दिलं. बाटलीवर चिठ्ठी लावली: 'पिण्याचे नाही. सोडा घालू नये.' ते ती चहाच्या ग्लासांशेजारी ठेवतात.