१०३ पायऱ्या

मंगळवार, रात्री साडेदहा

चार दिवसांच्या खाड्यानंतर आज पर्वतीवर दोन फेऱ्या झाल्या. पोटऱ्या भरून आल्यात, पण बरं वाटतंय.

आईला अर्धांगवायूचा झटका आला त्याला परवा सहा महिने होतील. सुरुवातीला घर, ऑफिस, औषधांचं दुकान एवढंच माझं जग होतं. रात्री तीनला दचकून जाग यायची, छाती धडधडायची, मान-खांदे दगडासारखे व्हायचे. आईच्या डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही चालता कधी?" त्यांनी तेव्हा सांगितलेलं पक्कं लक्षात राहिलंय. धास्ती वाटली की मूत्रपिंडांवरच्या इवल्या ग्रंथी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, ठोके वाढतात, रक्तातली साखर वाढते. शरीर पळायच्या तयारीत, आणि आपण मात्र खुर्चीत बसून फोनची वाट बघतोय! आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईला सांभाळायला ब्युरोच्या मावशी सहाला आल्या की मला रोज पाऊण तास मिळतो, म्हणजे हिशेब बसतो.

पन्नास-साठ पायऱ्या झाल्या की धाप लागते आणि डोक्यातली बिलं, तारखा, गोळ्यांच्या वेळा मागे पडतात. तेवढा वेळ फक्त श्वास असतो. रात्रीची झोपही आता सलग लागते.

मावशी सुट्टीवर गेल्या म्हणून मी चार दिवस चालायला गेले नव्हते. आज देवदेवेश्वराच्या देवळापाशी निळ्या स्वेटरच्या काकूंनी थेट हात धरला. "कुठे होतीस गं? आई बरी आहे ना? आम्ही रोज तुझी वाट बघत होतो." मला एकदम रडूच आलं. चार दिवस आपण नव्हतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञांचा १९८५ सालचा लेख मध्यंतरी वाचला होता. गरजेला हवी ती मदत मिळेल, असा भरवसा असला की ताणाचा तडाखा कमी बसतो, असं त्यात होतं. तेव्हा नुसतं पटलं होतं. आज खांदे सैल झाले तेव्हा कळलं.

काकू म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी मी येऊन बसते आईजवळ. तू जरा झोप." एरवी मी "नको, राहू दे" म्हणते. सगळ्यांना तेच म्हणत आलेय आणि त्यानेच जास्त थकलेय. आज "या" म्हटलं.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "केस... नीट... विंचर."