पोट नसलेली गिटार

मे महिन्यात दुपारी बारानंतर लाकडाला हात लावायचा नाही, असा वडिलांचा नियम होता. ते दारं-खिडक्या करायचे, मी गिटारी करतो, पण अमळनेरचं ऊन दोघांनाही सारखंच. त्या दिवशी मी नियम मोडला. दुपारच्या एसटीने धुळ्याहून ताई यायच्या होत्या आणि गिटारीला तारा चढून जेमतेम तास झाला होता.

ताई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. नेहमीची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाची गिटार, बुडाशी बारा सेंटिमीटर खोल असते. तिच्यावरून हात टाकायचा तर खांदा सतत वर उचलून धरावा लागतो, आणि तेच त्यांना जमत नाही. पातळ गिटारी बाजारात मिळतात, पण त्यातल्या बऱ्याचशा वायर लावून वाजवायच्या भरवशावर केलेल्या असतात. "दादा, आमच्याकडे नेमकी प्रार्थनेच्या वेळेला लाइट जाते. तशीच वाजेल अशी द्या," म्हणाल्या.

मी हो म्हणून बसलो. बाजूच्या पट्ट्या बुडाशी 75 मिलिमीटर, मानेकडे 65. पाठीला आणि बाजूंना साग घेतला, तोही पाडलेल्या धाब्याच्या घरातल्या कडीचा. कडीला चुलीच्या धुराचा काळा थर होता. रंधा मारला की आतून मधासारखा पिवळा निघायचा. साग तेलकट, सांधा धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक कड थिनरने पुसली. गिटारीला साग कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी तोरेसची गोष्ट सांगतो. या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून वर फक्त चांगल्या लाकडाची तबली, म्हणजे तारांखालची पातळ फळी, बसवली. आवाज मुख्यतः तबलीचा असतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. म्हणून माझी सगळी मेहनत तबलीवर. तिचं स्प्रूसचं लाकूड 2.6 मिलिमीटरपर्यंत उतरवलं. त्याहून पातळ करायची हिंमत झाली नाही, कारण सहा तारा मिळून 70 किलोंच्या वर ओढतात.

तारा चढल्या. सहावी, सगळ्यात जाड तार छेडली आणि पोटात गोळाच आला. बिस्किटाचा डबा वाजावा तसा आवाज. वरच्या तारा छान, स्वच्छ. खालच्या दोन मात्र नुसत्या टणटणत होत्या. गल्लीतले आबा दारात येऊन उभे राहिले. "हाई काय शे भाऊ? इनं पोट कोठे शे?"

मला वाटलं, आवाज आत कोंडतोय. बाजूच्या पट्टीत, वाजवणाऱ्याच्या कानाकडे, अजून एक भोक पाडावं. काही कारागीर पाडतातही. पेन्सिलीने गोल आखला, ड्रिलला बिट लावलं, आणि लाइट गेली.

कूलर थांबला तसा घाम सुटला. लगनसराई, टेबलावर पत्रिकांचा ढीग. त्यातली एक जाड पत्रिका घेऊन वारा घेत बसलो. मधेच ती गिटारीवर टाकली. अर्धी भोकावर गेली. कंटाळ्याने तबलीवर अंगठा आपटला तर 'ठक्' ऐवजी 'ढुम्' आलं. पत्रिका काढली, ठक्. ठेवली, ढुम्. पाच-सहा वेळा तेच केलं. आबा म्हणाले असतील, ऊन लागलं याला.

नळाखाली कळशी भरताना आवाज चढत जातो ना, तेच इथे झालं होतं. आत हवा कमी उरली की तिचा स्वर चढतो. मी पोट एक तृतीयांशाहून जास्त कापलं होतं, पण भोक मात्र ड्रेडनॉटचंच, 100 मिलिमीटर ठेवलं होतं. तारा हाताने दाबून भोकाशी तोंड नेलं आणि खालपासून गुणगुणत वर गेलो. एका जागी गिटार हाताखाली थरथरली. तोच हवेचा स्वर. फोनवरचा ट्यूनर म्हणाला, सी. मोठ्या गिटारीत तो बराच खाली, जी-ए फ्लॅटच्या आसपास असतो. खालच्या तारांना टेका देणारी हवाच वर निघून गेली होती. त्यात मी दुसरं भोक पाडलं असतं तर ती अजून चढली असती!

पत्रिकेतून पटाशीने कडं कापलं, आतला व्यास 80, आणि कागदी टेपने भोकाला चिकटवलं. 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं वर राहिली. परत गुणगुणलो, बी फ्लॅट. दोन अर्धे स्वर खाली. सहावी तार आता टणटणत नव्हती, बोलत होती. ड्रेडनॉटइतकी भरदार नाही, ते खोटं कशाला सांगू.

ताई आल्या तेव्हाही लाइट नव्हतीच. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, हात वरून टाकला आणि आधी वाजवलंच नाही. खांदा दोनदा खालीवर करून पाहिला. मग वाजवायला लागल्या. चहा गार झाला. भोकातली अक्षरं बघून म्हणाल्या, "लग्न कोणाचं, दादा?"

पुढच्या आठवड्यात कागदी कडं काढून शिसवाचं बसवून दिलं. शाळा सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. हात दुखत नाही, पुढच्या ओळींना छान ऐकू जातं, पण मागच्या ओळीतली मुलं म्हणतात, बाई नुसता हात हलवतात. खरं आहे. भोक लहान केलं की स्वर उतरतो, पण आवाजही थोडा आत राहतो.

पुढच्या गिटारीच्या पट्ट्या परवा कापल्या. बुडाशी 82 आखलंय. भोक अजून पाडलेलं नाही.