मिग-२१ एफएल, १:४८ : पोटाखालच्या तोफेचा आठवडा

मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाच्या मॉडेलचे धड आणि पंख जोडून झाल्यावर या आठवड्यात जीपी-९ हा गन पॉड, म्हणजे पोटाखाली लटकवायची तोफेची पेटी, हाती घेतला. त्यात जीएसएच-२३ ही २३ मिलिमीटरची दुनळी तोफ असते. किटमधल्या नळ्या भरीव असल्यामुळे त्या कापून टाकल्या आणि दादरच्या एका औषधाच्या दुकानातून आणलेल्या २१ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचे दोन तुकडे त्यांच्या जागी बसवले. या सुईचे भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि तोफेच्या २३ मिलिमीटरला मॉडेलच्या ४८ ने भागल्यास जवळपास तेवढेच येते. याहून स्वस्त जीएसएच-२३ मिळणे नाही. पहिल्या खेपेस एक नळी तिरकी चिकटली (नेम थेट शेजारच्या कपाटावर), म्हणून ती उपटावी लागली. पावसाळी हवेत पुट्टी अजूनही वाळलेली नाही.

खरा वेळ गेला तो पॉड लावावा की जादा इंधनाची टाकी, हे ठरवण्यात, कारण खऱ्या विमानातही पोटाखालची ती जागा एकच होती. एफएलला अंगची तोफ नव्हती. क्षेपणास्त्रे आली म्हणजे तोफेचे काम संपले, हा त्या काळचा समज होता आणि सुरुवातीच्या अमेरिकन एफ-४ फँटम विमानांमध्येही तो दिसतो. व्हिएतनाम युद्धाने तो खोटा पाडल्यावर फँटमच्याच एफ-४ई प्रकाराच्या नाकाखाली सहा नळ्यांची व्हल्कन तोफ बसली. आपल्याकडे १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर मिग-२१ एफएलमधल्या फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांचे के-१३ क्षेपणास्त्र चुकले आणि पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटर विमान पडले ते तोफेनेच.

आज ही वेळ क्वचित येईल, हे मान्य आहे. राफेलचे १२५ राउंड मिनिटाला २५०० या वेगाने तीन सेकंदांत संपतात, तेव्हा तोफेच्या भरवशावर कोणी लढायला निघत नाही. तरीही अगदी जवळच्या लक्ष्यावर क्षेपणास्त्राला वळायला आणि स्फोटक सज्ज व्हायला अंतर उरत नाही, तोफेचा गोळा फ्लेअरला (क्षेपणास्त्राला चकवायला सोडलेल्या जळत्या गोळ्याला) भुलत नाही, आणि शांततेच्या काळात अनोळखी विमानापुढे इशाऱ्याची फैर झाडायची तर क्षेपणास्त्र कुचकामी ठरते. माझ्या मते तोफ हवी, पण अंगातच हवी. अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या ए प्रकारात ती आत आहे, तर बी आणि सी प्रकारांना पुन्हा पॉडच लटकवावा लागतो.

तेव्हा टाकी डब्यात गेली आणि पॉड चिकटला. पुट्टी वाळली की घासकाम, मग प्रायमर.