'मॅक्बेथ' मोठ्यानं वाचताना

वरच्या वर्गाला शेक्सपिअरचं 'मॅक्बेथ' शिकवायला घेतलं आणि पहिल्याच तासाला मागणी आली, "मॅडम, सोप्या इंग्रजीतलं द्या ना." प्रसंगाचा गोषवारा मी देते: कोण कुठे आहे, आधी काय घडलंय, एवढंच. संवाद मात्र मूळचेच वाचायचे, तेही मोठ्यानं.

सुरुवात कर्ता आणि क्रियापद शोधण्यापासून केली. मॅक्बेथचं नाटकातलं पहिलंच वाक्य आहे, 'सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन.' 'आय हॅव नॉट सीन' हाती लागलं की वाक्य सुटतं. मग मी विचारलं, 'फाउल अँड फेअर' आधी कशाला? एकीनं मागची पानं चाळली, तर चेटकिणींच्या तोंडी हेच दोन शब्द! मॅक्बेथ अजून त्यांना भेटलेलाही नाही. यावर वर्गात जी जुंपली ती मी थांबवली नाही.

आयँबिक पेंटॅमीटर (एक हलकं, एक ठाशीव अशा पाच जोड्यांची ओळ, हा या नाटकाचा छंद) हे नाव मुद्दाम उशिरा काढलं. आधी सांगितलं की मुलं व्याख्या उतरवून घेतात आणि ऐकायचं विसरतात. त्याऐवजी मॅक्बेथनं राजा डंकनचा खून केल्यानंतरचा, त्याचा नि त्याच्या बायकोचा प्रसंग घेऊन दोघांना समोर उभं केलं.

'डिड नॉट यू स्पीक?'
'व्हेन?'
'नाऊ.'
'ॲज आय डिसेंडेड?'

पहिल्या वाचनात दोघंही आपापली पाळी आली की निवांत श्वास घेऊन बोलत होते. मी सांगितलं, हे चारही तुकडे जोडले की छंदाची एकच ओळ होते, मध्ये थांबायला जागा नाही. पुन्हा वाचलं तेव्हा शब्द एकमेकांवर आदळायला लागले. "टरकलेत दोघं," मागच्या बाकावरून आवाज आला. कंसात 'घाबरून' अशी सूचना त्या संवादात कुठेच नाही.

मधले अंक भराभर झाले. पाचव्या अंकात लेडी मॅक्बेथ झोपेत चालते, तिथे एकानं विचारलं, "इथे ओळी पार कडेपर्यंत कशा गेल्यात?" मला हाच प्रश्न हवा होता. एरवी पद्यात बोलणारी ही बाई इथे गद्यात बोलते, तेही तुकड्यातुकड्यांत. मग मी सगळ्यांना मागे पिटाळलं. दुसऱ्या अंकात तिला हात धुवायला थोडंसं पाणी पुरेसं वाटतं. इथे अरबस्तानातली सगळी अत्तरंही कमी पडतात. तिसऱ्या अंकात ती नवऱ्याला समजावते, 'व्हॉट्स डन इज डन'. झोपेत तेच 'व्हॉट्स डन कॅनॉट बी अनडन' होऊन बाहेर पडतं. हे दुवे मुलांनीच काढले, मी फक्त अंक सांगितला.

शेवटी न शिकवलेला उतारा दिला: 'किंग लिअर'चा पहिला प्रवेश, जिथे सरदार केंट भर दरबारात राजाला 'दाउ', म्हणजे एकेरी 'तू', म्हणतो, वर 'ओल्ड मॅन'ही. बहुतेकांनी 'अपमान' लिहून पेपर दिला. एका मुलानं लिहिलं: आपण आता उद्धटपणे बोलणार हे केंट आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्याचा तोल सुटलेला नाही, राजाचा सुटलाय.