एका श्वासात मावेल तेवढे

शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांनी गायलेल्या कबीरापासून सुरुवात करतात. मला खोकल्यापासून करावी लागते, कारण त्यांच्या गाण्याशी माझी खरी ओळख क्षयरोगाच्या निमित्ताने झाली. तसे ते गाणे माहेरी होतेच. वडिलांकडे कॅसेटी होत्या आणि रेडिओवर ‘ऋणानुबंधाच्या’ लागले की आई हातातले काम थांबवून ऐकत असे. पण ते तिचे ऐकणे होते, माझे नव्हते.

मी शाळेत मराठी शिकवते. एका पावसाळ्यात खोकला हटेना, संध्याकाळ झाली की अंगात कसर येऊ लागली आणि वजन उतरले. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाल्यावर निदान स्पष्ट झाले. सहा महिन्यांचे औषध सुरू झाले. सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या घ्यायच्या, त्यानंतर दुपारपर्यंत मळमळ सोसायची आणि लघवीचा रंग नारिंगी झाला तरी घाबरायचे नाही, हे हळूहळू अंगवळणी पडले. सासूबाईंनी शेजारी ‘निमोनिया’ असे सांगितले. त्यांचा राग आला नाही, कारण त्यांच्या तरुणपणी या रोगाचे नाव घरात मोठ्याने उच्चारले जात नसे. जड गेले ते डॉक्टरांचे एक वाक्य: शाळेत इतक्यात जाऊ नका आणि बोलणे कमी ठेवा. जिचा अर्धा दिवस बोलण्यात जातो, तिला हे ऐकून आपण नेमक्या कोण उरलो, असा प्रश्न पडतो.

याच रोगाने कुमारजींना ऐन उमेदीत गाठले होते. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मैफली गाजवू लागला, पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकला आणि विशीत पोहोचेपर्यंत सर्वांना ठाऊक झाला. १९४७ मध्ये भानुमतीबाईंशी लग्न झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात क्षयाचे निदान झाले. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून हे जोडपे १९४८ च्या जानेवारीअखेरीस देवासला गेले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागून तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. ते औषध त्यांना मिळाले आणि जीव वाचला. मात्र एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले आणि गाण्याला कित्येक वर्षे बंदी राहिली. ही हकीकत मला पूर्वीही माहीत होती. अंथरुणावर पडून ती पुन्हा आठवली, तेव्हा त्यातले ‘कित्येक वर्षे’ हे दोन शब्द पहिल्यांदा खरे वाटले.

पतीने फोनवर त्यांची ध्वनिमुद्रणे शोधून दिली आणि मी दुपारी ऐकू लागले. प्रथम लक्षात आले ते त्यांचे थांबणे. स्वर एकदम, टोकदार लागतो, छोटासा वाक्यांश येतो, सुटतो, आणि मग काही क्षण फक्त तानपुरे बोलतात. तानपुरे बिनचूक लागावेत यासाठी ते किती आग्रही असत हे जाणकार सांगतात. त्या आग्रहाचे कारण मला त्या दुपारी कळल्यासारखे वाटले. गायक थांबतो तेव्हा रागाचा सगळा भार तानपुऱ्यावर असतो. श्वास अपुरा म्हणून गाणे तुटक झाले, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही, हे मी जाणते. त्यांच्या आवाजाच्या फेकीत आणि विचारात ती धार आधीपासून असावी, असे मानणारेही आहेत. तरीही ज्याला दोन जिने चढताना मध्ये थांबावे लागते, त्याला त्या थांबण्यात कमीपणा दिसत नाही. मी उशाशी वाचनमालेचे पुस्तक ठेवले आणि धडा मोठ्याने वाचायला लागले, तो एका श्वासात मावेल तेवढाच. पूर्वी मी स्वल्पविरामावरून धावत जात असे. आता विरामचिन्हे ही विश्रांतीची हक्काची जागा झाली.

त्यांच्या आजारपणाविषयी एक गोष्ट फार सांगितली जाते आणि ती मला अर्धीच पटते. देवासला गाता येत नसताना त्यांनी आजूबाजूच्या बायकांची लग्नातली आणि सणासुदीची गाणी, रस्त्यावरून जाणाऱ्या जोग्यांची भजने कान देऊन ऐकली. माळव्याच्या लोकधुनांचे स्वरलेखन केले, त्यांत दडलेले राग शोधले आणि पुढे त्यांतून मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग उभे राहिले. १९६५ मध्ये आलेल्या ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात त्यांच्या बंदिशी आहेत. इथपर्यंत सगळे ठीक. परंतु त्यावरून ‘आजार हे वरदानच ठरले’ असे कोणी म्हटले की मला अस्वस्थ वाटते. ते वरदान नव्हते. एका तेवीस वर्षांच्या गायकाचा गळा बंद झाला होता आणि तो पुन्हा उघडेल याची हमी कोणाकडेही नव्हती. निर्माण झाले ते त्यांच्या प्रतिभेमुळे आणि चिकाटीमुळे. रोगाला त्याचे श्रेय देण्याची गरज नाही. माझ्या आजारपणातून तर काहीही निर्माण झाले नाही, आणि त्याची खंतही वाटत नाही. मी बरी झाले, एवढे पुरेसे होते.

श्रेय द्यायचेच तर भानुमतीबाईंना द्यावे. त्या स्वतः गात असत, तरी देवासला शाळेत नोकरी करून त्यांनी घर चालवले आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. माझा नवरा डबा करून, गोळ्या मोजून ठेवून लोकल पकडायला धावायचा, तेव्हा मला त्यांची आठवण व्हायची. कुमारजी बरे होऊन पुन्हा मैफली करू लागले आणि १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर त्याच गेल्या. इतके उलटेसुलटे झाल्यावरही हा माणूस ऋतूंवर, पावसाच्या गाण्यांवर ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम बांधतो, हे मला त्यांच्या निर्गुणी, म्हणजे निराकार ईश्वराविषयीच्या कबीरादी संतांच्या, भजनांपेक्षाही मोठे वाटते.

निर्गुणी भजने मी आजारपणात टाळलीच. ‘उड जाएगा हंस अकेला’ हल्ली प्रत्येक शोकसभेत लावले जाते. ज्याची ताप मोजण्याची वेळ झालेली आहे, त्याने ते ऐकून काय करावे? पुढे काही वर्षांनी वडील गेले, त्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत मात्र त्या भजनांकडे वळले. आणि आश्चर्य म्हणजे ती रडवत नव्हती. कुमारजी त्यात दुःख आळवत नाहीत. शब्द खणखणीत टाकतात, हंस जाणार ही बातमी सांगावी तितक्या सरळ सांगतात. घरात सगळे हळू आवाजात आणि अडखळत बोलत असताना कोणीतरी असे स्पष्ट बोलणे मला हवे होते.

म्हणून कोणी आजारात काय ऐकू असे विचारले, तर मी भजने सुचवत नाही. आधी ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातले ‘उठी उठी गोपाला’ ऐकावे, तेही सकाळी, औषधाची मळमळ सुरू होण्यापूर्वी. मग त्यांच्या आवडीचा एखादा मल्हार किंवा मालवतीतली द्रुत बंदीश. निर्गुणी ऐकायची ती नंतर, ताप उतरल्यावर.